दिवाळी ते दिवाळी : पहिली कथा अंकात येईपर्यंत

भाऊबीज उलटली की मला दरवर्षी दोन-तीन फोन येतात. कुणाची भाची असते, कुणाच्या ऑफिसातला मुलगा असतो. अंक चाळून झालेले असतात आणि 'हे तर मलाही जमेल' असं वाटायला लागलेलं असतं. "ताई, कादंबरी लिहायचीये. कुठून सुरू करू?" मी सांगते, कादंबरी राहू दे बाजूला. एक कथा लिही, तीनेक हजार शब्दांची, आणि पुढच्या दिवाळीला ती एखाद्या अंकात छापून आण. वर्ष जाईल त्यात. वर्ष म्हटलं की निम्मे फोन तिथंच गार पडतात. उरलेल्यांना दरवेळी तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून यंदा लिहून काढलं.

मी बँकेत नोकरी केली, कांदिवलीहून फोर्टला रोज ये-जा केली, त्यातून जमल्या तशा कथा लिहिल्या. मधली सहा वर्षं एका दिवाळी अंकाकडे येणाऱ्या कथांची पहिली चाळणी माझ्याकडे होती. त्यामुळे कथा 'साभार परत' आली की पोटात कसा खड्डा पडतो तेही ठाऊक आहे, आणि चाळिसावी कथा वाचताना डोळे कसे मिटायला लागतात तेही.

कादंबरी का नको, तर तिच्यात तीन वर्षं घालवल्यावर कळतं की निवेदकच चुकीचा निवडला होता. कथेत ते बाराव्या पानावर कळतं.

नोव्हेंबर : आधी अंक विकत घ्या

वर्षभर कथा छापणारी मासिकं मराठीत आता बोटांवर मोजण्याइतकी. दिवाळी अंक मात्र शेकड्यांनी निघतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी मुंबईतून 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा सिलसिला चालू आहे. मराठी कथाकाराचं पंचांग म्हणूनच दिवाळीला सुरू होतं आणि दिवाळीला संपतं.

दादर पश्चिमेला छबिलदास शाळेजवळ 'आयडियल' या पुस्तकांच्या दुकानात जा, अंक हातात घेऊन चाळा, आणि त्यातले चार-पाच विकत घ्या. खिशाला जड जात असतील तर जवळच्या वाचनालयाची दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून शहरात आहे, शिवाय उपनगरांतली छोटी वाचनालयंही ही सोय ठेवतात. तेही नको असेल तर महिनाभर थांबा. डिसेंबरात हेच अंक जुन्या पुस्तकवाल्यांकडे पडत्या भावात मिळतात.

मग एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक कथेसाठी चारच ओळी लिहा. पहिलं वाक्य काय आहे. गोष्ट कोण सांगतंय. ती किती काळात घडते, एका दुपारीत की वीस वर्षांत. आणि ती थांबते कुठं. तीस कथांची अशी नोंद झाली की दोन गोष्टी आपोआप दिसायला लागतात. चांगल्या कथा बहुधा फार थोड्या काळात घडतात. आणि प्रत्येक अंकाला आपापली चव असते. एखाद्या अंकाला विनोदी लागतं, एखादा प्रयोगाला भुलतो, एखाद्याला गाव हवं असतं. ग्रामीण कथा मागणाऱ्या अंकाला तुम्ही पवईच्या आयटी कंपनीतली गोष्ट पाठवलीत, तर ती वाईट आहे म्हणून परत येत नाही.

डिसेंबर-जानेवारी : कान

माझी खरी कार्यशाळा लेडीज डब्यात झाली. अंधेरीला दोघी चढतात. त्यांचं बोलणं तुमच्या कानावर येतं तेव्हा ते मधूनच सुरू झालेलं असतं. "मग तिनं डबा परत केला का?" कोण ती, कसला डबा, पत्ता नाही. दादरला त्या उतरून जातात आणि चर्चगेटपर्यंत तुम्ही त्या डब्याचाच विचार करत बसता. प्रसंग असाच लिहायचा. उशिरा चढायचं, लवकर उतरायचं. नवे लेखक मात्र विरार कारशेडपासून सुरुवात करतात. नायिका उठते, दात घासते, खिडकीतून पाऊस बघते, चहा पिते, मग फोन वाजतो. फोनपासून सुरू करा.

गर्दीत वही उघडता येत नाही हे मला सांगू नका, मी तीस वर्षं लोंबकळले आहे. ऐकलेलं एक वाक्य डोक्यात धरायचं आणि प्लॅटफॉर्मवर उतरल्यावर मोबाइलमध्ये टाकायचं. एकच वाक्य, पण जसंच्या तसं. "ती रागावली" असं लिहून ठेवू नका, ती काय म्हणाली ते लिहा. माझ्या वहीत एका बाईचं वाक्य आहे: "मी काही बोलले नाही गं, फक्त त्याच्या शर्टाला इस्त्री केली नाही." त्यावर कथा झाली नाही अजून, होईल.

मुंबईत एक मराठी नाही. गिरणगावात घाटावरची आणि मालवणी एकाच जिन्यावर बोलली गेली, वसई-उरणकडे आगरी आणि कोळी, पार्ल्यात पुस्तकी, आणि पंचविशीतल्या पोरांची तर अर्धी हिंदी. हा खजिना आहे आणि खड्डाही. नवखा लेखक मालवणी पात्र आणतो ते प्रत्येक वाक्यात 'मेल्या' घालून. मालवणी घरात असं कुणी बोलत नाही. बोली शब्दांपेक्षा क्रियापदात आणि वाक्याच्या लयीत असते. "खंय चल्लंस?" एवढं पुरतं, पुढचं वाचक स्वतःच्या कानानं ऐकतो. तुमची नसलेली बोली लिहिली असेल तर ती जिची आहे तिला वाचून दाखवा. ती हसली तर का हसली ते विचारा.

फेब्रुवारी : खर्डा

रोज दोनशे शब्द लिहिले तर तीन हजार शब्दांना पंधरा दिवस लागतात. दोनशे शब्द म्हणजे फुलस्केपचं जेमतेम एक पान, वीस-पंचवीस मिनिटं. वेळ ठरवा आणि घरात जाहीर करा. दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र टेबल नसतं, माझंही नव्हतं. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत ओट्याशी उभी राहून लिहिलं आहे. ज्यांना घरी जमतच नाही त्यांनी वाचनालयाचा वाचनकक्ष धरावा. काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालयाची लाकडी खुर्ची मिळाली तर आणखी काय हवं.

खर्डा लिहिताना मागचं वाचू नका. आवडलं नाही तरी पुढे जा. बिघडलेला खर्डा दुरुस्त करता येतो, न लिहिलेल्याचं काहीच करता येत नाही.

सुरू करण्याआधी मात्र एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहून समोर लावा: या माणसाला काय हवंय? ते आजच का हवंय? आणि ते मिळालं तर कुणाचं काय जाईल? तिसरं उत्तर सुचत नसेल तर तुमच्याकडे अजून प्रसंगच आहे, कथा व्हायची आहे.

मार्च ते मे : खरं काम

इथं मी जास्त थांबणार आहे, कारण लोक इथंच थांबत नाहीत. खर्डा झाला की त्याच रात्री मेल करून मोकळे होतात.

उदाहरण घेऊ. वरळीच्या बीडीडी चाळीतलं कुटुंब. पुनर्विकासात १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळणार आहे. घरात आनंदच आहे, आणि म्हातारी आई आहे. खर्ड्यात बहुतेक जण असं लिहितील:

'आईला खोली सोडताना फार वाईट वाटत होतं. या इवल्याशा जागेत तिची पन्नास वर्षं गेली होती. प्रत्येक भिंतीला आठवणी चिकटल्या होत्या. तिचे डोळे पाणावले.'

यात चूक काहीच नाही. फक्त ही कुणाचीही आई आहे, अगदी जाहिरातीतलीसुद्धा. आता हे बघा:

'आईनं चावी दिली. कुलूप मात्र काढून पिशवीत टाकलं. "अगं, नव्या दाराला लॅच आहे," दादा म्हणाला. "असू दे," म्हणत तिनं पिशवीला गाठ मारली.'

वाईट वाटलं हे कुठंच लिहिलेलं नाही. पण कुलूप आहे, आणि दादाचं व्यवहारी बोलणं आहे. आता मला तिसऱ्या प्रश्नाचंही उत्तर शोधता येतं: कुणाचं काय जाईल? समजा, नव्या फ्लॅटच्या कागदांवर नाव दोघा भावांचं लागणार आहे आणि बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलंय. आई ते कुलूप कुणाला देईल? इथून कथा स्वतःच्या पायांनी चालायला लागते. जागेचा व्यवहार, सह्या, नॉमिनेशन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट या गोष्टींना रुक्ष समजू नका. मुंबईत नाती तिथंच उघडी पडतात.

तर पुनर्लेखन कसं करायचं? खर्डा दोन आठवडे कपाटात ठेवा. मग छापील प्रत काढा, कारण स्क्रीनवर चुका लपतात. पहिल्या वाचनात 'फार', 'खूप', 'अचानक', 'जणू', 'नकळत' या शब्दांवर लाल पेन फिरवा. दुसऱ्यात भावनेची थेट नावं शोधा आणि प्रत्येकीच्या जागी एखादी वस्तू किंवा कृती सापडते का बघा. सगळीकडे सापडणार नाही, सापडूही नये. सगळ्याच बायका कुलपं पिशवीत टाकायला लागल्या तर तेही नाटकी होतं. तिसऱ्यात पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचा. काही अडलं नाही तर पहिला काढून टाका. माझ्या निम्म्या कथांचा पहिला परिच्छेद असाच गेला. शेवटचा परिच्छेदही झाकून बघा, तिथं बरेचदा लेखक व्यासपीठावर चढलेला असतो.

नंतर कथा मोठ्यानं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि पोळ्या लाटताना ऐका. जिथं लक्ष उडालं ते वाक्य लांबलं आहे. संवाद बोलताना जीभ अडखळली तर ते कुणी बोलत नाही, ते फक्त लिहिलेलं आहे.

चाळणीवर सर्वांत जास्त काय अडकायचं तेही सांगते. शेवटी 'आणि त्याला जाग आली'. आईच्या त्यागाचं पत्र, जे ती गेल्यावर ट्रंकेत सापडतं. नायक लेखक, त्याला कथा सुचत नाही, हीच कथा. आणि रेल्वेचे रूळ. सहा वर्षांत किती नायक शेवटच्या परिच्छेदात रुळांवर गेले त्याची मोजदाद मी सोडून दिली. मरण लिहू नका असं नाही. पण पात्राचं काय करायचं ते कळेना म्हणून त्याला मारलं, हे वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं.

जुने लोक 'सत्यकथा' मासिकाची आठवण काढतात. गिरगावच्या खटाववाडीतून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिचे संपादक लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहून मागत. १९८२ मध्ये ते मासिक बंद झालं. आज तेवढा वेळ असलेला संपादक क्वचित भेटतो, म्हणून ते काम दोन वाचकांकडून करून घ्या. नवरा किंवा बायको त्यात नको, घरात शांतता हवी. 'कशी वाटली?' असं विचारलंत तर 'छान' हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी हातात पेन्सिल द्या आणि सांगा, जिथं कंटाळा येईल तिथं रेघ मार. दोघांची रेघ एकाच ठिकाणी पडली तर वाद घालू नका. एकाचीच पडली तर तुमचं तुम्ही ठरवा. असे वाचक मिळवायला कार्यक्रमांना जावं लागतं. गिरगावचा मुंबई मराठी साहित्य संघ, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, किंवा चार जणांचा तुमचा स्वतःचा कट्टा.

जून : पाठवणी

बहुतेक अंकांचा मजकूर जून-जुलैत गोळा होतो. गणपतीत कथा पाठवणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या शुभेच्छा.

टाइप युनिकोडमध्येच करा. 'मुक्त' हा मुंबईच्याच 'एक टाइप'नं केलेला टंक (फॉन्ट) फुकट मिळतो आणि डोळ्यांना सुखाचा आहे. काही ठिकाणी छपाईसाठीची अक्षरजुळणी अजून श्री-लिपी या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि मजकूर तिकडं नेताना जोडाक्षरं फुटतात. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' तर हमखास तुटतो. म्हणून वर्ड फाइलीबरोबर पीडीएफही जोडा, मुद्रितशोधकाला मूळ काय होतं ते दिसतं. फाइलला कथेचं आणि तुमचं नाव द्या. 'कथा फायनल नवीन ३' नावाच्या अकरा फाइली माझ्या कॉम्प्युटरवर एकाच हंगामात होत्या, अकरा वेगवेगळ्या लोकांच्या.

शुद्धलेखनाचे नियम आहेत फक्त अठरा. साहित्य महामंडळाचे चौदा १९६२ मध्ये मान्य झाले, चार १९७२ मध्ये वाढले. एका रविवारी वाचून होतात. नियम असं सांगतो की पात्रांच्या तोंडी 'केलं, गेलं' चालेल, एरवी 'केले, गेले' लिहावं. कथाकार निवेदनातही सर्रास 'केलं' लिहितात. दोन्हींपैकी एक धरा. एकाच परिच्छेदात 'त्याने पाहिले आणि तो हसला, मग त्यानं विचारलं' अशी खिचडी झाली की वाचणारा मनात एक गुण कापतो.

मेल चार ओळींचा पुरे: कथेचं नाव, शब्दसंख्या, ती अप्रकाशित आहे हे, आणि तुमचा फोन. कथेचा आशय मेलमध्ये समजावू नका. 'सत्य घटनेवर आधारित' असंही लिहू नका, त्यानं कथा बरी होत नाही. एका वेळी एकाच अंकाला द्या. महिना-दीड महिन्यानं एकदा नम्रपणे विचारा, उत्तर नसेल तर 'कथा मागे घेत आहे' असं कळवून दुसरीकडे पाठवा. कुठली कथा कुठं, कधी, काय झालं, याची नोंदवही ठेवा.

मानधनाचं आधीच विचारायला लाजू नका. काही अंक देतात, काही फक्त अंक पाठवतात, काही अंकही तुम्हालाच विकत घ्यायला लावतात. माझी एक कथा न विचारता कापून निम्मी छापली गेली आणि मानधनाचा चेक तिसऱ्या वर्षी आला, तोही चुकीच्या नावाचा. अशा वेळी कुठं पुन्हा लिहायचं नाही एवढं समजतं. पण एक ठाम सांगते: प्रातिनिधिक कथासंग्रहात 'सहभाग शुल्क' भरा म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. असलं पुस्तक त्यात छापून आलेल्यांखेरीज कुणी वाचत नाही.

पावसाळा : वाट बघताना

दुसरी कथा सुरू करा. नोकरी सोडू नका.

पैशाचं लेखन मुंबईत आहे, पण ते वेगळं काम आहे. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळी माणसं लिहितात, एपिसोडचे पैसे मिळतात, आणि रात्री अकराला फोन येतो की उद्या अमुक कलाकार नाही, सीन बदला. काहींना ते मानवतं, हातही चालू राहतो. कुणाला कल्पना ऐकवायला जाणार असाल तर आधी ती लिहून स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा. सभासद होऊन ऑनलाइन करता येतं. हॉटेलात कॉफीवर ऐकवलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतो. ऑडिओ कंपन्या आणि प्रतिलिपीसारखी ॲप्स हाही एक रस्ता आहे. तिथं वाचक लगेच मिळतात, पण रोज भाग टाकण्याच्या नादात पुनर्लेखनाची सवय सुटते. बरेच अंक ॲपवर आलेली कथा 'प्रकाशित' धरतात, हे लक्षात ठेवा.

आणि पुस्तक?

आठ-दहा कथा चांगल्या ठिकाणी आल्यावर. घाई करू नका. पण करार वाचायला आत्ताच शिका, कारण पहिल्या पुस्तकाच्या आनंदात माणूस कशावरही सही करतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं कथा लिहिताक्षणी तुमची होते, नोंदणी सक्तीची नाही. हक्क तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. हक्क कुणाला द्यायचे तर लेखी, तुमच्या सहीनिशीच. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून 'सर्व माध्यमांचे सर्व हक्क कायमस्वरूपी' अशा ओळीवर बोट ठेवा आणि ती खोडून घ्या. पुस्तकाचे हक्क द्या. चित्रपट, ऑडिओ, अनुवाद वेगळे ठेवा.

रॉयल्टी दहा टक्के धरली तर तीनशे रुपयांच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती विकून हातात पंधरा हजार येतात, त्यालाही दोन-तीन वर्षं लागू शकतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. पस्तिशीच्या आतल्यांसाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून मराठीलाही मिळतो. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्याला तिथंच ओळखा. छापणं सोपं आहे. पलंगाखालचे गठ्ठे विकणं अवघड, ते करायला कोण आहे याचा विचार आधी करा.

तर, पुन्हा दिवाळी. अंक आला की दोन प्रती घ्या. एक आईला किंवा जिला द्यायची तिला द्या. दुसरी घेऊन पेन्सिलीनं बसा. एखादा 'ऱ्य' तुटलेला असेल, एक ओळ दोनदा पडली असेल, आणि तुमचं स्वतःचं एक वाक्य छापील अक्षरांत भलतंच पोकळ दिसेल. सगळं समासात दुरुस्त करून ती प्रत जपून ठेवा. संग्रह करायची वेळ आली की जुळणीला तीच द्यायची असते.